विसरण्याच्या उंबरठ्यावर
दिल्लीत करोल बागेला लागून असलेल्या जुन्या राजिंदर नगरात यूपीएससीच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रातूनही मुलंमुली येऊन राहतात. त्यांना मी एक अ‍ॅप आवर्जून सुचवेन: २००६ साली आलेलं ‘अंकी’. जपानीत अर्थ पाठांतर. पडद्यावर प्रश्न येतो, ‘अनुच्छेद ३२?’ उत्तर आधी मनात द्यायचं, मग कार्ड उलटायचं: घटनात्मक उपाययोजनेचा हक्क. सहज आठवलं, तर ते कार्ड काही दिवसांनी, पुढे महिन्याने येतं. अडखळलात, तर काही मिनिटांत पुन्हा समोर. विस्मरणाचा वेग हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून मोजला, १८८५ मध्ये प्रसिद्ध केला; अंतर वाढवत उजळणी करण्याच्या या पद्धतीचं मूळ तिथलं. कार्डं मात्र स्वतःच बनवा, बनवतानाच निम्मा अभ्यास होतो. मेट्रोची वाट बघता बघता वीसेक सहज उलटून होतात.