विमानविद्येकडून शरीरविद्येकडे

विमानाचा पंख आणि माणसाची धमनी यांत साम्य तें काय? पंख वाऱ्याच्या झोतांत वांकतो. धमनी रक्ताच्या दाबानें ताणली जाते. बल आणि ताण यांचे नियम दोहोंसहि लागू पडतात. या साध्या सत्याच्या मागें जाऊन ज्यांनीं आपली विद्याशाखाच बदलली, त्या प्राध्यापकांचें नांव युआन-चेंग फंग.

फंग यांचा जन्म १९१९ सालीं चीनमध्यें झाला. युद्धाच्या धामधुमींत तेथील शिक्षण पुरें करून ते अमेरिकेस गेले व १९४८ सालीं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेची डॉक्टरेट त्यांनीं मिळविली. वाऱ्याच्या माऱ्यानें विमानाचे पंख कां थरथरतात, या विषयावरील त्यांचा १९५५ सालचा ग्रंथ विद्वन्मान्य झाला. पुढें त्याच संस्थेंत ते प्राध्यापक झाले.

मध्यंतरीं १९५७ सालीं ते रजा घेऊन जर्मनींतील गटिंगेन येथें गेले होते. इकडे चीनमध्यें त्यांच्या मातोश्रींस काचबिंदू झालेला. डोळ्यांतील दाब वाढून दृष्टीस अपाय करणारा हा विकार. त्यावरील लेख वाचून त्यांचें भाषांतर मातोश्रींच्या शस्त्रवैद्यांकडे धाडण्याचा क्रम पुत्रानें आरंभिला. वाचतां वाचतां त्यांस उमगलें कीं, आपण विमानांसाठीं सोडवितों तसलेच प्रश्न शरीरांत जागोजाग आहेत.

अखेर १९६६ सालीं, विमानविद्येंतील स्थिर आसन सोडून, ते सॅन डिएगो येथील विद्यापीठांत गेले आणि सहकाऱ्यांसह जीव-अभियांत्रिकीचें अध्यापन त्यांनीं सुरू केलें.

या प्रयत्नाचें फळ एका उदाहरणानें कळेल. धमनीचें बांगडीसारखें कडें कापून त्यास एके ठिकाणीं छेद दिला, तर तें आपोआप उघडतें. म्हणजे रक्ताचा दाब नसतांहि भिंतींत ताण असतोच. फंग यांनीं दाखविलें कीं, या अंगभूत ताणामुळेंच रक्तदाबाचा भार एकट्या आंतल्या थरावर न पडतां साऱ्या भिंतीवर वांटला जातो. ताण बदलला कीं भिंतीची घडणहि बदलते. रक्तदाबाच्या विकारांत धमनी जाड कां होते, याचा उलगडा त्यांतून होतो.

२००० सालीं अमेरिकेचें राष्ट्रीय विज्ञानपदक त्यांस मिळालें. २०१९ सालीं, वयाचीं शंभर वर्षें पुरीं झाल्यावर, त्यांचें निधन झालें. प्राध्यापक झाल्यावर पुन्हां विद्यार्थी होण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें. त्यामुळेंच आज अभियंता आणि वैद्य एकाच प्रयोगशाळेंत काम करूं शकतात, यांत त्यांचा वांटा मोठा आहे.