भाषण लिहून देणं आम्ही का बंद केलं?

"सर, पोरीसाठी एखादं जोरदार भाषण लिहून द्या ना, ती पाठ करील." १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर जवळ आला की उमरग्यात पालकांची आमच्याकडे ही ठरलेली मागणी असते. कित्येक वर्षं आम्ही लिहूनही दिलं. आता देत नाही. कारण समजायला आधी या स्पर्धा कशा चालतात ते बघावं लागेल.

वक्तृत्व स्पर्धेत विषय बहुधा आधी कळतो. वेळ साधारण पाच ते सात मिनिटं. एक मिनिट उरलं की पहिली घंटा, वेळ संपली की दुसरी. त्यापुढे बोलत राहिलं की गुण कापले जातात. परीक्षकांच्या कागदावर विषयाची समज, मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव असे रकाने असतात. शेरोशायरीचा वेगळा रकाना नसतो! आपली मुलं सुरुवातीला एक शेर टाकतात, शेवटी एक टाकतात, टाळ्या मिळतात आणि निकालात नाव येत नाही. मुद्दा पुढे जात असेल तर शेर खुशाल घ्यावा. उत्स्फूर्त स्पर्धेत तर चिठ्ठी उचलायची, थोडा वेळ विचार करायचा आणि थेट माईकसमोर. तिथे पाठांतर काय करणार?

आमची नववीतली एक मुलगी तालुक्याच्या स्पर्धेत मधेच एक शब्द विसरली. ती पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाली आणि पुन्हा तिथंच अडकली. शब्द होता 'देदीप्यमान'. तिनं तो जन्मात कधी वापरला नव्हता; आम्हीच लिहून दिला होता. पुढच्या वेळी विषय होता पाणी. आम्ही फक्त प्रश्न विचारले, चार मुद्दे तिनंच कागदावर काढले. टँकर आला की तिची दादी घागर घेऊन कशी धावते, हे ती बोलली. बक्षीस नाही मिळालं, पण ती अडकली नाही.

वादविवाद स्पर्धा याहून वेगळी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एका संघात दोघे असतात, एक विषयाच्या बाजूनं बोलतो, दुसरा विरोधात. दोघांच्या गुणांवर फिरता करंडक ठरतो. समोरच्याचा मुद्दा खोडायला गुण असतात, म्हणजे आधी तो नीट ऐकावा लागतो. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांत संसदीय पद्धत चालते. तिच्या ब्रिटिश प्रकारात दोन-दोन जणांचे ४ संघ, प्रत्येकाला ७ मिनिटं, विषय फक्त १५ मिनिटं आधी, आणि बाजू स्वतः निवडायची सोय नाही. भाषण चालू असताना समोरचा उभा राहून सवालही करू शकतो.

इथं काही पालक अडतात. "जे पटत नाही ते पोरानं का बोलायचं? झूटच झालं की!" सवाल वाजवी आहे. पण बाजू वाटून दिलेली आहे हे सभागृहात सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे कुणाची फसवणूक होत नाही. आणि ही रीत आपल्याला नवी कुठे आहे? दर्स-ए-निजामीत मुनाजऱ्याच्या कायद्यांवर 'रशीदिया' शिकवतात. 'हिदाया' उघडली तर इमाम शाफई यांचं म्हणणं दलिलीसकट मांडलेलं आढळतं, मग हनफी जवाब. दुसऱ्याची दलील पूर्ण मांडता आल्याशिवाय तिचा जवाब देता येत नाही.

भाषेची धास्ती मात्र खरी आहे. घरी दखनी, शाळेत उर्दू. मग 'फळ'चं 'फल' होतं. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळा, 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यातला ज वेगळा. हे कानानंच येतं, रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचलं तर काही महिन्यांत येतं. शिवाय आपलं 'नक्को' आणि जोर देणारा 'च' दखनीत मराठीतूनच आलेत. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानं गाजवली ती मराठीतच. एका स्पर्धेनंतर एक परीक्षक आमच्या विद्यार्थ्याला कौतुकानं म्हणाले, "तुमचं मराठी छान आहे हो." पोरगा म्हणाला, "सर, माझीच भाषा आहे."

आणखी एक खटकतं. आपल्या मुलांना विषय ठरलेले: ईद, राष्ट्रीय एकात्मता, ११ नोव्हेंबरला मौलाना आझाद. मौलानांवर बोलावंच, ते स्वतः केवढे मोठे वक्ते! पण सोयाबीनच्या भावावर, हायवेवरच्या अपघातांवर आपल्या पोरांनी का बोलू नये? चूक शाळांची आहे, तशी आमचीही. विषय वाटताना नावं आम्हीच अशी लिहायचो.

मुलींचं सांगायचं राहिलं. दहावीपर्यंत त्याच पुढे असतात, नंतर यादीतून नावं गळतात. स्पर्धा लातूरला किंवा सोलापूरला, परतायला रात्र होते, घरचे नाही म्हणतात. गेल्या खेपेला आम्ही एका मुलीच्या अम्मीलाच सोबत नेलं. एसटीत येताना अम्मी लेकीला सांगत होती, दुसरी घंटा झाली तरी तू बोलत होतीस, मी मोजत होते.