मांजराचा गुडघा कसा तपासतो?
मांजर दुखणं लपवतं. ते कण्हत नाही. ओट्यावर उडी मारायचं सोडतं, एवढंच. म्हणून आम्ही आधी त्याचं चालणं बघतो, मग गुडघा चाचपतो. वाटी बहुधा आतल्या बाजूला सरकते. याच्या 4 पायऱ्या मानतात: पहिलीत बोटानं सरकवलेली वाटी सोडताच जागेवर येते, चौथीत ती हातानंही बसत नाही. नडगीचं हाड पुढं सरकत असेल, तर आतला अस्थिबंध तुटल्याचा संशय. मग एक्स-रे. दुखणं सौम्य असेल तर पिंजऱ्यात विश्रांती, वजनावर ताबा, नाहीतर शस्त्रक्रिया. धाराशिवकरांना शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि घरातली पॅरासिटामॉल? अजिबात नको! मांजराच्या यकृताला तिचा निचरा करता येत नाही. एका गोळीनंही जीव जाऊ शकतो.