सिनॉप्सिसमधली आकृती: कापसाचा नकाशा, खारपाणपट्ट्याचा छेद आणि ०.३ चं पेन



पेट निघाली, गाईड मिळाले, विषयही ठरला. आता सिनॉप्सिस लिहायची वेळ आली की बहुतेक जण एक काम शेवटच्या रात्रीसाठी ठेवतात, ते म्हणजे आकृती. मग गुगलवरून एक चित्र उचललं जातं, किंवा पाच चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण असा फ्लोचार्ट तयार होतो. प्रेझेंटेशनला समितीतलं कुणीतरी विचारतं, "हा बाण नेमकं काय दाखवतो? वेळ? पदार्थ? की कारण?" आणि समोर शांतता.

चित्र सुंदर आहे की नाही हे तिथे कुणी विचारत नसतं. ते विचारत असतात की तुमचा विचार तुम्हाला पुरता कळलाय का. शब्दांत आपण बरंच काही झाकून नेतो. "खालच्या थरातील क्षार वर येतात" हे वाक्य लिहायला पाच सेकंद लागतात. तेच काढायला बसलात की प्रश्न सुरू होतात. खालचा थर म्हणजे किती खाली? वर म्हणजे मुळांपर्यंत की थेट जमिनीवर? कधी, पावसाळ्यात की उन्हाळ्यात? पेन्सिल तुम्हाला उत्तर द्यायला लावते.

"मला चित्रकला येत नाही" असं म्हणणाऱ्यांना एकच आठवण करून देतो. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली मुलं आपल्यात भरपूर आहेत. त्या परीक्षेत स्थिरचित्र होतं, संकल्पचित्र होतं, आणि सगळ्यांना कंटाळा आणणारी कर्तव्य भूमितीही होती. संशोधनात जास्त कामाला येते ती ही भूमितीच. माप, प्रमाण, छेद. वॉटरकलरचा हात चांगला नसला तरी चालून जातं.

आधी एक जुनं उदाहरण बघू. ते आपल्या कापसाचं आहे म्हणून मुद्दाम घेतोय.

शार्ल मिनार (१७८१–१८७०) हा फ्रेंच सिव्हिल इंजिनिअर. नेपोलियनच्या रशिया मोहिमेचा त्याचा नकाशा सगळीकडे दाखवतात, पण मला त्याचे कापसाचे नकाशे जास्त आवडतात. युरोपात कच्चा कापूस कुठून किती आला, हे त्याने १८५८, १८६४ आणि १८६५ या वर्षांसाठी शेजारी शेजारी तीन नकाशांत दाखवलं. प्रत्येक देशातून निघणारा रंगीत पट्टा, आणि पट्ट्याची रुंदी टनांच्या प्रमाणात मोजून काढलेली. १८५८ च्या नकाशात अमेरिकेचा पट्टा अटलांटिक भरून टाकतो आणि हिंदुस्थानचा त्याच्यापुढे बारीक दिसतो. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली. १८६४ च्या नकाशात अमेरिकेचा पट्टा जवळजवळ दोरा झालाय आणि हिंदुस्थानचा फुगून आफ्रिकेला वळसा घालत युरोपात शिरतो. (सुएझ कालवा १८६९ चा, म्हणून हा वळसा.) आपल्या भागातला कापूस मुंबईमार्गे त्याच पट्ट्यात गेला. लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका प्रकाराचं नावच 'उमरा' पडलं होतं, ते उमरावती म्हणजे अमरावतीवरून.

आता यात शिकण्यासारखं काय? मिनारने जिब्राल्टरची सामुद्रधुनी खऱ्यापेक्षा रुंद काढली, कारण खऱ्या रुंदीत पट्टे मावत नव्हते. म्हणजे भूगोल वाकवला, पण टन वाकवले नाहीत. आपल्या आकृतीत कोणती गोष्ट काटेकोर ठेवायची आणि कोणती सैल सोडायची, हे त्याने आधी ठरवलं होतं. माझ्या मते प्रगत रेखांकन म्हणतात ते इथून सुरू होतं. शेडिंग वगैरे नंतर.

आता घरचं उदाहरण. दर्यापूरचे लोक ज्यावर रोज बोलतात तो विषय, खारं पाणी. डोंगराच्या पायथ्याशी अचलपूर, परतवाड्याकडे विहिरींना गोडं पाणी, संत्र्याच्या बागा. अंजनगावची विड्याची पानं तर सगळ्यांना माहीत आहेत. आणि तिथून दक्षिणेला पूर्णेकडे उतरत आलो की बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. असं का, हे सांगायला तुम्ही दोन पानं लिहू शकता. किंवा एक छेद काढू शकता.

नकाशा उघडा. चिखलदरा, अंजनगाव सुर्जी, दर्यापूर आणि पुढे पूर्णेचं पात्र ही जवळपास एका उत्तर-दक्षिण रेषेवर येतात. छेद काढायला यापेक्षा सोयीची रेषा मिळणार नाही. अंतर साधारण ६० किमी. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास, दर्यापूर तीनशेच्या आत, म्हणजे फरक धरू ८०० मीटर. कागदावर १५ सेंमी जागा घेतली तर १ सेंमी म्हणजे ४ किमी. याच प्रमाणात उंची काढली तर अख्खा गाविलगडचा डोंगर भरतो २ मिलिमीटर! खाली पूर्णेचा गाळ काही ठिकाणी ३०० मीटरपेक्षा जास्त खोल आहे, तो पाऊण मिलिमीटर. काहीच दिसणार नाही.

म्हणून उभं प्रमाण ताणायचं. वीसपट ताणलं की १ सेंमी म्हणजे २०० मीटर, डोंगर ४ सेंमी, गाळ दीड सेंमी. आता गोष्ट दिसते. पायथ्याशी दगडगोटे, वाळू असलेला जाडाभरडा गाळ, त्यात पावसाचं आणि डोंगरावरून येणारं पाणी सहज मुरतं आणि वाहतं. दक्षिणेला बारीक चिकणमातीचा खोल गाळ. तिथे निचरा मंद, गोड्या पाण्याचं पुनर्भरण कमी, त्यामुळे क्षार धुऊन जात नाहीत. डोंगर, जाड गाळ, बारीक गाळ, नदी या चार गोष्टी एका रेषेत आल्या की गोडं-खारं हा प्रश्न बघणाऱ्याला अर्धा सुटलेला असतो.

पण याची किंमत मोजावी लागते. वीसपट ताणल्यामुळे उतारही वीसपट झाला. हजार मीटरला दोन-तीन मीटर उतरणारं सपाट वावर कागदावर हजाराला चाळीस-साठ उतरताना दिसतं. बघणाऱ्याला वाटेल पाणी धो धो वाहून जात असेल, आणि तुमचा मुद्दा तर नेमका उलटा आहे! म्हणून आकृतीतच, कोपऱ्यात, "उभे प्रमाण २० पट" असं लिहायचं. आकृतीखालच्या ओळीत लिहिलं तरी पुरत नाही, कारण स्लाइडवर कॉपी होताना ती ओळ गळते.

आता खरी गंमत. याच छेदात तुम्हाला पऱ्हाटीची मुळं आणि वरची काळी जमीन दाखवायची आहे. या प्रमाणात ०.३ मिमीच्या पेनची नुसती रेघ म्हणजे ६ मीटर जाडी होते. तुमची सगळी दीड मीटर माती त्या रेघेच्या आत बुडाली. इथे कितीही बारीक पेन आणलं तरी उपयोग नाही. उपाय म्हणजे आतलं चित्र. छेदावर एक छोटी चौकट करायची, तिथून दोन बारीक रेषा बाहेर काढायच्या आणि शेजारी मोठ्या प्रमाणात तेवढाच भाग काढायचा. १ सेंमीला १० सेंमी धरलं तर दीड मीटर माती १५ सेंमीत बसते. यात उन्हाळ्यातल्या भेगा, खालचे चुनखडीचे खडे, माती फुगून-आकसून एकमेकांवर घासल्याने चकाकणारे तिरपे पृष्ठभाग, सगळं मापात दाखवता येतं. आतल्या चित्राला स्वतःची स्केल पट्टी हवीच. दोन चित्रं, दोन पट्ट्या.

मुळांच्या चित्रांसाठी जॉन वीव्हर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाचं काम जरूर बघा. नेब्रास्कात तो झाडाशेजारी खोल चर खणायचा, हळूहळू माती काढत मुळं मोकळी करायचा आणि चौकटी आखलेल्या कागदावर मापाने उतरवायचा. शेतातल्या पिकांच्या मुळांवरचं त्याचं पुस्तक १९२६ चं आहे, आणि ती चित्रं आजही उपयोगी पडतात. फोटोत मूळ आणि माती एकसारखी तपकिरी दिसते. चित्रात काय ठेवायचं आणि काय वगळायचं ते तुम्ही ठरवता.

रेघांबद्दल थोडं. तीन जाड्या पुरतात. छेद जिथे कापलाय ती रेघ सगळ्यात जाड, थरांच्या सीमा मध्यम, मातीचा पोत दाखवणारे ठिपके-रेषा सगळ्यात बारीक. ठिपके देताना घाई केली की ते शेपटीवाले होतात, पेन उभं धरा. छायेसाठी पेन्सिल घासू नका, झेरॉक्समध्ये तिचा काळा डाग होतो.

आणि तुटक रेघ! हिच्याबद्दल मी जरा हट्टी आहे. भूशास्त्राच्या नकाशांत एक जुना रिवाज आहे: सीमा प्रत्यक्ष पाहिली, मोजली असेल तर सलग रेघ, अंदाजाने जोडली असेल तर तुटक. तुमच्याकडे समजा सहा विहिरींचे नमुने आहेत. तिसऱ्या विहिरीचं पाणी गोडं आणि चौथीचं खारं निघालं. गोड्या-खाऱ्याची सीमा या दोघींच्या मध्ये कुठेतरी आहे, पण नेमकी कुठे हे तुमच्या आकड्यांत नाही. तिथे सलग रेघ ओढली तर तुम्ही न मोजलेली गोष्ट मोजली म्हणून सांगताय.

यात काय मोठं, असं वाटेल. मी असाच एक कच्चा छेद गावातल्या पारावर दाखवायला नेला होता. एका काकांनी बराच वेळ बघितलं, रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "माह्यं वावर याच्यात कुठी येते? बोअर मारू का नको?" पेपरच्या परीक्षकासाठी ती रेघ म्हणजे तपशील होता. काकांसाठी लाख-दीड लाखाचा निर्णय. आणि पाणी खारं लागलं तरी पैसे गेले म्हणून लोक तेच पाणी वावराला देतात. त्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, जमिनीची छिद्रं बुजतात, पाणी मुरेनासं होतं. म्हणजे नुकसान बोअरपुरतं राहत नाही. तुटक रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना विहिरींच्या जागा दाखवल्या की निदान एवढं तरी समोरच्याला दिसतं की या मधल्या पट्ट्यात आधी पाण्याची तपासणी करायची.

त्या छेदावर आता गावांची नावं आहेत. बघणारा आधी स्वतःची जागा शोधतो, मग विज्ञान.

बाणांचं एकच सांगतो: एका आकृतीत एका प्रकारच्या बाणाचा एकच अर्थ. पाणी वाहतं तो भरीव बाण, क्षार सरकतो तो पोकळ बाण. "यामुळे हे होतं" हे सांगायला बाण वापरूच नका, शब्द वापरा.

सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न येणारच. इंकस्केप फुकट आहे आणि पुरेसं आहे. त्यातली रेघ कितीही मोठी केली तरी फाटत नाही. पण आधी ग्राफ पेपर, त्यावर ट्रेसिंग पेपर, आणि निदान तीन कच्चे आराखडे हातानेच. कॉम्प्युटरवर पहिलाच आराखडा इतका स्वच्छ दिसतो की तो बदलावासा वाटत नाही. जर्नलचा एक स्तंभ साधारण साडेआठ-नऊ सेंमी रुंद असतो, त्या मापात प्रिंट काढून अक्षरं वाचता येतात का बघा. लाल-हिरवी जोडी टाळा, हे दोन रंग वेगळे ओळखू न शकणारे बरेच लोक असतात, विशेषतः पुरुषांत. निळा-नारिंगी चालतो. एआयने काढलेल्या चित्रांबद्दल विचाराल तर माझं मत सरळ आहे: त्याला तुमची चौथी विहीर माहीत नाही.

सराव कसा करायचा? आठवड्यातून एक दिवस ठरवा. तुमच्या विषयातल्या एखाद्या चांगल्या पेपरमधली आकृती घ्या, पेपर बंद करा आणि आठवून काढा. मग उघडून तुलना करा. जिथे तुमचा हात थांबला तिथे बहुधा तुम्हाला पेपरही समजलेला नसतो. मग स्वतःची आकृती काढा, तिच्याखालची सगळी माहिती झाका आणि दुसऱ्या विषयाच्या मित्राला द्या. तो जे सांगेल ते मध्ये न बोलता लिहून घ्या. न बोलणं हेच सगळ्यात अवघड जातं, पण त्याने जे चुकीचं वाचलं तेच तुम्हाला दुरुस्त करायचं असतं.

या रविवारी तुमच्या गावातून जाणारी एक रेषा निवडा. डोंगर ते नदी, तलाव ते वस्ती, काहीही. ग्राफ पेपरवर आधी आडवं प्रमाण लिहा, मग उभं, आणि दोन्ही लिहून झाल्यावरच पहिली रेघ ओढा.