नेमस्तांची पीछेहाट व मतदाराची निवड : भंडारा मतदारसंघाचा दाखला

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. त्यामुळे आंधळगावच्या विणकराच्या हातीही दोन मते आली. गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज मात्र, महानुभाव पंथ स्वीकारल्याने ते महार राहिले नाहीत, या सबबीवर फेटाळण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५४ मध्ये ती सबब अमान्य केली. निवडून आलेले चतुर्भुज जसानी हेही, ज्या विडी-पेढीत त्यांची भागीदारी होती तिचा सरकारशी पुरवठ्याचा करार असल्याने, अपात्र ठरले. संपूर्ण निवडणूकच रद्द झाली. एक उमेदवार गैररीतीने वगळला गेल्यास मतदाराची निवडच सदोष होते, हे तत्त्व यामागे होते.

त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर डॉ. आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. सर्वसाधारण जागा मात्र प्रजा समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांनी जिंकली. एकाच मतदानात दोन जागा दोन पक्षांकडे जाव्यात, एवढा वाव मतदारास होता.

मेहता हे समाजवाद्यांतील नेमस्त म्हणावे लागतील. मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधकांनीही शासनाशी सहकार्याची क्षेत्रे शोधावीत, अशी मांडणी त्यांनी १९५३ मध्ये बैतुल येथे केली होती. नेमस्तपणाची खरी अडचण येथेच आहे. सहकार्य करणारा विरोधक शासनापासून वेगळा कसा ओळखावा? लोहियांना हा मार्ग मानवला नाही. १९५५ मध्ये ते वेगळे झाले. १९५७ मध्ये मेहता मुजफ्फरपूरहून निवडून आले आणि भंडाऱ्याच्या दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या. मते तेव्हाही दोनच होती. तेव्हा द्विसदस्य पद्धती १९६१ च्या कायद्याने गेली म्हणून मध्यममार्ग खुंटला, असे म्हणणे अपुरे ठरते. तो त्यापूर्वीच आतून पोखरला गेला होता. पुढे १९६४ मध्ये मेहता काँग्रेसमध्येच गेले.

आंधळगाव आज तुमसर विधानसभा व भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात मोडते. २०१३ पासून मतदारास ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मिळाला आहे. परंतु लोकसभा व विधानसभा निवडणुकांत त्यास सर्वाधिक मते पडली तरी निवडणूक रद्द होत नाही. उमेदवारांपैकी ज्यास अधिक मते, तोच निवडून येतो.