साथ आणि समाज – लेखांक पाचवा : रोगी का लपविले गेले?

मागील लेखांकात आपण प्लेगच्या जंतूची ओळख करून घेतली. १८९४ साली हाँगकाँग येथे येर्सिनने तो शोधून काढला आणि पुरती दोन वर्षे लोटली न लोटली तोच तो मुंबई बंदरात उतरला, येथवर ती हकिकत आली होती. आजच्या लेखांकाचा विषय त्या जंतूशी गाठ पडलेला समाज हा आहे. साथीच्या दिवसांत लोक रोगी लपवितात, अफवांवर विश्वास ठेवितात, गाव सोडून पळतात आणि मदतीस आलेल्या डॉक्टरावरच धावून जातात. असे ते का करितात, या प्रश्नाला ‘अज्ञानामुळे’ हे उत्तर देणे इतके सोपे व सोयीचे आहे की, ते देणाऱ्यास पुढे विचार करण्याची गरजच उरत नाही. त्या काळचे गोरे अंमलदार ते देत असत, त्यांच्यामागोमाग आपले सुशिक्षितही देत असत, आणि आजही ते दिले जाते. मला ते अपुरे वाटते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, गोदीलगतच्या धान्याच्या कोठारांनी गजबजलेल्या वस्तीत, वैद्यकीचा व्यवसाय करणारे गोमंतकीय डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी आपल्या रोग्यांच्या अंगावरील गाठी पाहून हा प्लेगच होय असे निदान केले. ते मान्य करणे सरकारदरबारी कोणासच सोयीचे नव्हते, कारण मुंबईत प्लेग आहे असे एकदा जाहीर झाले म्हणजे परदेशची बंदरे मुंबईच्या मालाला मज्जाव करणार हे उघड होते. पुढे खरोखर युरोपातील राष्ट्रांनी १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे परिषद भरविण्याचे ठरवून हिंदुस्थान सरकारवर दडपण आणले, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. मुंबई इलाख्यातील पुढच्या हुकमांची भाषा इतकी करडी का होती, याचे एक कारण येथे सापडते. त्या हुकमांना मांडवीच्या रहिवाशाची समजूत काढावयाची होतीच, पण त्याहून अधिक निकडीने लंडन व व्हेनिस यांचे समाधान करावयाचे होते.

कायदा होण्यापूर्वीच, ६ ऑक्टोबर १८९६ रोजी, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी काढलेल्या जाहीरनाम्यान्वये प्लेगच्या रोग्यास, प्रसंगी बळाने, इस्पितळात हलविण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस मिळाला. त्याच दिवसांपासून रोगी नाहीसे होऊ लागले. कोणी माळ्यावर, कोणी अडगळीच्या खोलीत दडविला गेला. झडतीची वार्ता लागताच कोणास एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचविण्यात आले. आणि मृत्यू घडलाच तर प्रेतही गुपचूप पुरण्यापर्यंत मजल गेली.

यातील दुष्टचक्र नीट ध्यानात घेतले पाहिजे. प्लेगवर गुण देणारे औषध त्या काळी नव्हतेच, त्यामुळे गाठी उठलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे कसेही केले तरी दगावत. त्यात ज्याला घरच्यांनी अखेरच्या क्षणापर्यंत दडवून ठेविले तो इस्पितळाच्या दारी पोहोचे तोवर त्याची शुद्ध हरपलेली असे, आणि डॉक्टराने नाडी पाहावी न पाहावी तोच तो प्राण सोडी. चाळीतल्या लोकांस दिसे ते एवढेच की, गाडीत घालून नेलेले माणूस परतून येत नाही. त्यावरून इस्पितळातच माणसे मारतात असे अनुमान निघाले, आणि पुढचा रोगी अधिकच खोल दडविला गेला. अनुमान साफ चुकीचे होते. पण ज्या निरीक्षणावर ते उभे होते त्यात खोट काढता येणार नाही. शिवाय, इस्पितळात कोणाच्या हातचे अन्नपाणी घ्यावे लागेल, आप्तस्वकीयांस भेटू देतील की नाही, मेल्यावर देह घरच्यांच्या स्वाधीन होईल की नाही, या प्रश्नांची उत्तरे देण्याची तसदी फारशी कोणी घेत नव्हते. हुकमात काय करावयाचे आणि न केल्यास काय शासन होईल हे तेवढे असे.

ती पोकळी अफवांनी भरून काढली. त्या सुमारास मुंबईत महाराणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले होते. तेव्हा त्या अवमानाबद्दल राणीने रयतेची काळजे मागितली आहेत, अशी वदंता उठली. रोग्यास उलटे टांगून त्याच्या अंगातून मोमियाई नावाचे औषध काढतात, अशीही दुसरी होती. आज आपण हसतो. परंतु या कथांचा मथितार्थ एकच दिसतो की, सरकार आपल्या देहावर हक्क सांगत आहे आणि त्यात आपले हित नाही. कथा खोट्या असल्या तरी त्यामागची भावना कोठून आली हे पाहण्यास फार दूर जावे लागत नाही.

२९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. यानंतर घरी रोग्यास वेगळे ठेवण्याची योग्य सोय असेल तर त्यास हलविण्यात येणार नाही, असा खुलासा कमिशनरांस करावा लागला. त्यांना आणखी एक धास्ती होती. ज्यांना तेव्हा हलालखोर म्हणत ते सफाई करणारे लोकच जर शहर सोडून गेले, तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही. ज्यांचे अस्तित्व शहर एरवी पाहतही नसे, त्यांच्या मर्जीवर शहराचा जीव टांगला आहे, हे सत्य सरकारी दप्तरात नमूद व्हावयास प्लेग यावा लागला!

बाकीचे शहर मात्र निघालेच. साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या मुंबईतून १८९७ च्या आरंभापर्यंत निम्म्याच्या जवळपास माणसे बाहेर पडली, आणि आगगाडीने व आगबोटीने रोगही त्यांच्यासवे गावोगाव पोहोचला. त्यांना दोष द्यावा काय? ज्याच्यापाशी हवापालटाचा बंगला होता त्याने प्रथम पाय काढला. मग चाळीतल्या मजुराने कोकणची वाट धरली तर त्यालाच तेवढा अविचारी म्हणण्यात न्याय दिसत नाही.

पुण्याची कहाणी सर्वश्रुत असल्याने विस्ताराने सांगत नाही. रँड यांच्या प्लेग कमिटीने १३ मार्च १८९७ पासून १९ मेपर्यंत सुमारे नऊशे शिपाई-अंमलदारांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. देवघरात व स्वयंपाकघरात बूट शिरले, सामान रस्त्यावर आले, स्त्रियांच्या तपासणीवरून संताप उसळला, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. फारसे सांगितले जात नाही ते हे की, उन्हाळा तापल्यावर प्लेग नेहमीच ओसरतो. तसा तो ओसरला, आणि पावसाळा सरता सरता पुण्यात अधिक जोराने परतला. म्हणजे एवढ्या जुलमाचे फळ म्हणून दाखविण्यासारखे फारसे काही कमिटीच्या पदरी नव्हते.

झडत्या सुरू होण्यापूर्वी तीनच दिवस, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगनेच निवर्तल्या. त्यांचे पुत्र यशवंतराव डॉक्टर होते व पुण्याबाहेर माळावर त्यांनी रोग्यांची सोय केली होती. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले, अशी आठवण सांगतात. त्या इस्पितळातही औषध तेवढेच तुटपुंजे होते, पण तेथे नेणारे हात आपल्या माणसांचे होते. टिळकांनी पुढाकार घेतलेल्या हिंदू प्लेग इस्पितळासही हेच लागू आहे. टिळक झडतीच्या रीतीवर तुटून पडत, पण इस्पितळ नकोच असे ते म्हणत नसत. आणि संकटात पुणे सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी ओढलेले कोरडेही सौम्य नव्हते. मुंबईत गॅटेकर यांच्या कमिटीने निरनिराळ्या जातींस व समाजांस आपापली इस्पितळे काढू दिली, आणि आगाखानांनी अनुयायांची भीती जावी म्हणून सर्वांसमक्ष हाफकिनने तयार केलेली प्लेगची लस टोचून घेतली. ती लस हाफकिनने प्रथम स्वतःलाच, १० जानेवारी १८९७ रोजी, टोचली होती. शंभर जाहीरनाम्यांनी जे साधले नसते ते अशा एका दंडाने साधते.

आता अज्ञानाच्या मुद्द्याकडे पुन्हा वळतो, कारण या प्रकरणात शहाणे कोण ठरले हे पाहण्यासारखे आहे. घरात उंदीर पडू लागले की पाठोपाठ माणसे पडतात, हे आपल्या खेडुतांनी दोन-चार वर्षांतच ओळखले, आणि पहिला उंदीर पडताच घराला कुलूप घालून शेतात झोपड्या बांधून राहण्याची रीत पडली. इकडे सरकार जमीन उकरीत होते, भिंतींना चुना फाशीत होते आणि गटारांत कार्बोलिक ओतीत होते. १८९८ साली कराचीत सिमाँने उंदरावरील पिसवांच्या द्वारे रोग पसरतो असे प्रयोगाने दाखविले, तरी त्याच सुमारास नेमलेल्या प्लेग कमिशनने त्या मतास थारा दिला नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्याने संशोधन झाले तेव्हा कोठे ते मान्य झाले. मेलेला उंदीर थंड पडताच पिसवा त्याला सोडून दुसरा ऊबदार देह शोधतात, आणि जवळपास उंदीर न उरल्यास माणसाला चावतात. घर सोडून माळावर गेलेल्याला यातले शास्त्र ठाऊक नव्हते, पण त्याचे वर्तन शास्त्रशुद्ध होते. सरकारनेही पुढे सक्ती सैल करून स्थलांतर, ऐच्छिक टोचणी व उंदरांचा नाश यांवर भर दिला. म्हणजे खेडुतांच्या वाटेनेच ते गेले.

१८९७ चा तो कायदा अद्याप हयात आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याचाच आधार घेतला, आणि मुंबईत कोरोनाचे पहिले रोगी ज्या कस्तुरबा रुग्णालयात ठेवले गेले ते आर्थर रोडचेच जुने इस्पितळ होय. कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा आहे. त्यांत सरकारचे अधिकार आहेत, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा आहे, अंमलदारास संरक्षण आहे. २०२० साली आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उचलणाऱ्यांसाठी कडक शिक्षेची भर पडली, आणि ती योग्यच होती. लोकांना विश्वासात घेण्याविषयी मात्र त्यात एकही शब्द पूर्वी नव्हता व आजही नाही. पुढील आठवड्यात १९१८ च्या इन्फ्लुएन्झाकडे वळू.