भुवई आणि दुर्बीण यांच्यातली चार बोटं

अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्याने मोजक्याच, पारखून घेतलेल्या नेमबाजांच्या हाती व्हिटवर्थ रायफली दिल्या होत्या. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी घडवलेली ही बंदूक. नळीचं छिद्र गोल नव्हे, षट्कोनी, व्यास ०.४५१ इंच, गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅमची. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनियाच्या लढाईत उत्तरेचे जनरल जॉन सेजविक लांबून आलेल्या एका गोळीने पडले, ती याच रायफलीची होती असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. यांतल्या काही रायफलींच्या डाव्या अंगाला चौपट मोठं दाखवणारी दुर्बीण बसवलेली असे. त्या दुर्बिणीची रचना कर्नल डेव्हिड डेव्हिडसन यांची. हा स्कॉटिश माणूस नोकरीला होता आपल्या मुंबई इलाख्याच्या लष्करात.

या रायफलवाल्यांबद्दल त्या काळच्या सैनिकांनी लिहून ठेवलेली एक आठवण मात्र विजयाची नाही. लढाई आटोपली की त्यांचे डोळे काळेनिळे झालेले असत. नेम धरताना दुर्बिणीचं टोक डोळ्याला टेकलेलं असे, बार उडाला की बंदूक मागे येई आणि तेच टोक डोळ्यावर आदळे.

त्याला आता दीडशेहून अधिक वर्षं लोटली. दुर्बिणी कितीतरी सुधारल्या. तरीही रायफल रेंजवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, भुवईवर चंद्रकोरीच्या आकाराची जखम घेऊन परतलेला माणूस त्याने पाहिलेला असतोच. इंग्रजीत याला ‘स्कोप बाइट’ म्हणतात. जुने शिकारी ते हसण्यावारी नेतात, नव्याला ‘आता तू आमच्यातला झालास’ म्हणतात. मला हे हसणं मान्य नाही. ही जखम जवळजवळ शंभर टक्के टाळता येते. ती टाळण्याचं सगळं काम पहिली गोळी भरण्याआधीच व्हायला हवं, आणि ते बहुतेक वेळा झालेलं नसतं.

आधी धक्का म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत पाहू. शिकारीसाठी जगभर वापरलं जाणारं .३०८ विंचेस्टर हे काडतूस घ्या. गोळी साधारण ९.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८६० मीटरच्या आसपास. तिच्यामागे सुमारे तीन ग्रॅम दारू जळून वायू होते आणि तो वायू गोळीपेक्षाही जास्त वेगाने नळीच्या तोंडातून बाहेर पडतो. न्यूटनच्या नियमाप्रमाणे या दोघांचा मिळून जितका संवेग पुढे जातो तितकाच बंदुकीला मागे मिळतो. दुर्बिणीसकट ३.६ किलो वजनाची रायफल धरली तर तिचा मागे येण्याचा वेग सेकंदाला ३.३ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी १२ किलोमीटरच्या घरात जातो. रमतगमत चाललेली सायकल भुवईवर येऊन थडकावी, तेवढा हा वेग. ऊर्जा सुमारे २० ज्यूल. हीच गोळी पावणेतीन किलोच्या हलक्या रायफलीतून झाडली तर ऊर्जा २६ ज्यूलच्या पुढे जाते. डोंगर चढायला सोपी पडते म्हणून हलकी बंदूक घेणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. याउलट एनसीसीच्या मुलांना परिचयाची .२२ बंदूक पाव ज्यूलसुद्धा मागे देत नाही.

आता वेळेचा हिशेब. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत मिलिसेकंद-दीड मिलिसेकंद जातो आणि तेवढ्यात बंदूक जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरकते. खरा धक्का त्यानंतरचा. बंदुकीला कुणी अडवलंच नाही, तर दुर्बीण आणि डोळा यांच्यातलं आठ सेंटिमीटरचं अंतर ती पंचवीस मिलिसेकंदांत कापते. मोठ्या आवाजाने दचकून पापणी मिटायला सुरुवात व्हायलाच तीस ते पन्नास मिलिसेकंद लागतात. म्हणजे ‘मी वेळेवर डोकं मागे घेईन’ या भरवशाला काही अर्थ नाही. आपल्याला वाचवू शकतात फक्त दोन गोष्टी: बंदुकीला रोखणारा खांदा, आणि आधीच राखलेलं अंतर.

हे अंतर दुर्बीण घडवणाऱ्याने ठरवलेलं असतं. मागच्या भिंगापासून ज्या जागी डोळा ठेवला असता संपूर्ण गोल, काठोकाठ उजळ चित्र दिसतं, त्या अंतराला ‘आय रिलीफ’ म्हणतात. पक्षी पाहायच्या दुर्बिणीत ते पंधरा-वीस मिलिमीटर असतं, कारण ती मागे उसळत नाही. रायफलीच्या दुर्बिणीत ते साधारण तीन ते चार इंच, म्हणजे आपली चार बोटं किंवा थोडं अधिक. हे अंतर वाढवायचं तर काहीतरी सोडावं लागतं. भिंग तेवढंच ठेवलं तर दिसणारा टापू आक्रसतो. प्रत्येक दुर्बीण ही या ओढाताणीतली तडजोड असते.

ही तडजोड चुकली की काय होतं, हे अमेरिकी सैन्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाहिलं. वॉर्नर अँड स्वेझी कंपनीच्या १९०८ आणि १९१३ सालच्या नमुन्यांच्या दुर्बिणींत आय रिलीफ होता अवघा दीड इंच. उपाय म्हणून मागे रबराची वाटी बसवली. बार उडाला की ती वाटी डोळ्याभोवती घट्ट बसून हवा कोंडे आणि डोळ्याला चिकटून राही. काही सैनिकांनी वाटीला भोकं पाडून आपली सुटका करून घेतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन सैनिकांनी वापरलेली उनर्टलची आठपट दुर्बीण हुशारीची होती. ती पक्की जखडलेली नसे, बंदूक मागे जाई तेव्हा दुर्बीण आपल्या जागी राही आणि नेमबाज दर गोळीनंतर ती हाताने पुन्हा मागे ओढून घेई. जर्मनांनी झेडएफ-४१ ही दीडपट दुर्बीण डोळ्यापासून लांब, पुढे नळीकडे नेऊन बसवली. डोळा सुरक्षित राहिला, पण दिसणारा टापू फारच लहान झाला.

या सगळ्यांत मला सर्वांत शहाणा वाटतो तो ब्रिटिशांचा ली-एनफिल्ड नंबर ४ (टी) रायफलीवरचा उपाय, आणि तो दुर्बिणीत नव्हताच. तीनपट मोठं दाखवणारी नंबर ३२ दुर्बीण बसवताना हॉलंड अँड हॉलंडच्या कारागिरांनी दस्त्यावर लाकडाची एक उशी स्क्रूने बसवली. कारण साधं होतं. जुने दस्ते दुर्बिणीशिवाय, माशी आणि फटीतून नेम धरण्यासाठी बेतलेले. दुर्बीण त्याहून उंच बसते. तिच्यातून पाहायला गाल उचलावा लागला की डोकं अधांतरी राहतं, आणि अधांतरी डोकं दर वेळी वेगळ्या जागी असतं. कधी चार बोटांवर, कधी दोन. गालाला पक्की बैठक मिळाली की डोळ्यालाही कायमची जागा मिळते. आजही अनेक जखमांचं मूळ नीट न जुळलेल्या दस्त्यात असतं, पण दोष दिला जातो काडतुसाला.

आपल्या लष्करातल्या द्रागुनोव रायफलीवरच्या पीएसओ-१ या चौपट दुर्बिणीचा आय रिलीफ ६८ मिलिमीटर आहे आणि तिला रबरी वाटी आहे. ती वाटी अंतराची खूण म्हणून ठेवलेली असते, कपाळ टेकवायला नव्हे.

दुर्बीण बसवण्याची रीत सोपी आहे, पण घाईने करायची नाही. बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून खात्री करायची. दुर्बीण रिंगांमध्ये सैल ठेवून जितकी जाईल तितकी पुढे सरकवायची. पट कमीजास्त करता येत असतील तर सर्वांत जास्त पटीवर न्यायची, कारण बऱ्याच दुर्बिणींत पट वाढली की आय रिलीफ घटतो. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर सहज पडेल तिथे टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. चित्राभोवती काळं कडं दिसलं तर दुसऱ्याने दुर्बीण हळूहळू मागे आणावी. चित्र काठोकाठ भरलं की थांबायचं, किंचित पुढे घ्यायचं आणि स्क्रू उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंत आवळायचे. ढिल्या रिंगांत दुर्बीण दर बाराला कणाकणाने पुढे सरकते, आणि तिच्यामागे नकळत नेमबाजाची मानही.

हे सगळं उभं राहून एकदा, टेबलाशी बसून एकदा आणि पालथं झोपून एकदा करायचं. झोपून नेम धरताना मान पुढे लांबते आणि डोकं दुर्बिणीकडे दोन-तीन सेंटिमीटर सहज सरकतं. शिवाय उभा माणूस धक्क्याबरोबर थोडा मागे झुलतो, पालथा पडलेला झुलू शकत नाही. चढावर वरच्या दिशेने नेम धरतानाही हेच होतं. उभ्याने नीट जमलेली दुर्बीण उतारावर झोपल्यावर भुवई फोडते ती अशी. कपड्यांचाही हिशेब धरावा. उन्हाळ्यात शर्टावर जुळवलेली बंदूक थंडीच्या जाड कोटावर वेगळी बसते.

धरण्याची पद्धत तितकीच महत्त्वाची. बटाची, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकाची, जागा खांद्याच्या सांध्यावर नाही आणि दंडावर तर नाहीच. गळपट्टीचं हाड आणि सांधा यांच्यामधल्या मांसल खळग्यात ते घट्ट ओढून घ्यायचं. धक्का दुखेल या भीतीने नवखा माणूस बंदूक खांद्यापासून जराशी दूर, सैल धरतो आणि तिथेच घात होतो. मधल्या मोकळ्या जागेत बंदूक पुरता वेग घेते, मग खांद्याला दणका देते आणि वर भुवईलाही. उभं असताना वजन किंचित पुढच्या पायावर हवं. चित्राच्या एका कडेला काळी चंद्रकोर दिसत असेल तर डोळा मध्यावर नाही. ती जाईपर्यंत चापावर बोट ठेवायचं नाही. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शेवटच्या क्षणी मान पुढे काढायची सवय तर मोडायलाच हवी.

महाराष्ट्राने अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत यांच्यापासून २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळेपर्यंत मोठे रायफल नेमबाज दिले. त्यांच्या स्पर्धेत दुर्बिणीला परवानगीच नाही. बारीक छिद्रातून पाहायचं असतं, त्यासाठी डोळा त्या छिद्राच्या अगदी जवळ न्यायचा असतो, आणि एअर रायफल किंवा .२२च्या बंदुकीला धक्का नावालाच असतो. म्हणून शाळा-कॉलेजात रेंजवर उत्तम नेम मारलेल्या मुलामुलींना मुद्दाम सांगावंसं वाटतं. मोठ्या बंदुकीवर तुमचा सराव कामाला येईल, पण डोळा पुढे नेण्याची ती सवय घातक ठरेल.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे आणि परवान्याशिवाय अशी रायफल हाती येत नाही. परंतु अमेरिकेत शिकायला, नोकरीला गेलेली मराठी मुलं सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर रेंजवर जातात आणि कुणाची तरी हरणाच्या शिकारीची रायफल हातात घेतात. तो मित्र सहा फुटी, दस्ता त्याच्या मापाचा. लहान चणीच्या पाहुण्याला पूर्ण चित्र दिसायला मान ताणावी लागते आणि चापापर्यंत हात पोचवताना बट दंडावर सरकतं. भरीला कुणीतरी मोबाइल रोखून उभा असतो, कारण दणका बसल्यावरचा चेहरा टिपायचा असतो. अजाणत्या पाहुण्याला जखमेत ढकलण्याचा हा प्रकार अत्यंत निंद्य आहे. ज्याची बंदूक, त्याची जबाबदारी: आधी .२२ द्यावी, मग अंतर तपासून द्यावं, मगच मोठं काडतूस, तेही एका वेळी एकच.

कारण नुकसान टाक्यांवर थांबत नाही. भुवईखाली लगेच हाड असल्याने धातूच्या काठाने कातडी खोल चिरते आणि रक्त भळाभळा वाहतं. नाकाचं हाड मोडू शकतं, डोळ्याच्या खोबणीला तडा जाऊ शकतो, मेंदूला हादरा बसू शकतो. चष्मा असेल तर तो फुटू नये अशा पॉलिकार्बोनेट काचांचा हवा. आणि शरीर भरून आलं तरी मन दचकायला शिकतं. चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे झटकला जातो, नेम जातो. ही दचक घालवायला पुन्हा .२२वर यावं लागतं, किंवा खऱ्या काडतुसांत रिकामी मिसळून सराव करावा लागतो.

जखम झालीच तर पहिलं काम बंदुकीचं: नळी सुरक्षित दिशेला, काडतूस बाहेर. मग स्वच्छ कापडाने भुवईच्या हाडावर दहा मिनिटं सलग दाब द्यावा. बुबुळावर दाब कधीच नको. डोळ्यालाच मार लागल्याची शंका असेल तर त्यावर कडक, वाटीसारखं झाकण ठेवून थेट इस्पितळ गाठावं. धूसर किंवा दोन-दोन दिसणं, उलटी, शुद्ध हरपणं, नाकातून पाण्यासारखा स्राव, कपाळ बधिर होणं, यांपैकी काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. टाके घालण्यासाठी भुवई भादरू देऊ नये. केस नीट परत येतीलच असं नाही, आणि जखमेच्या कडा जुळवायला तेच उपयोगी पडतात.

तुमच्या घरातलं कुणी परदेशी असेल आणि रेंजवर जाणार असेल, तर त्याला एवढंच कळवा: दुसऱ्याची रायफल हातात आली की ती आधी रिकामी करून मागायची, खांद्याला लावायची आणि दुर्बीण भुवईपासून चार बोटं दूर ठेवून चित्र पूर्ण दिसतं का ते पाहायचं. दिसत नसेल तर ती बंदूक आपल्या मापाची नाही. ती परत द्यायची.